बाहेरचा परीक्षक

काराबुलून, ६ मार्च २०१८

जावईबापू डॉक्टर करिपबेक यांना कालबुबूचा सलाम.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मला एक डॉक्टर हवा आहे. ताप उतरवणारा नको, तसा आमच्याकडे आहे. मला हवा आहे तो संगणकशास्त्राचा डॉक्टर, दुसऱ्या विद्यापीठातला आणि किर्गिझमध्ये परीक्षा घेऊ शकणारा. असा माणूस शोधायला निघालं की वाट फिरून फिरून बिश्केकला तुमच्या दाराशीच येते. त्याला माझा इलाज नाही.

गेल्या आठवड्यात रेक्टरनं मला बोलावलं. आपला इमिल सापारोविच, ज्याला आपण भूमितीत दोनदा नापास केलं होतंत, तोच आता रेक्टर आहे. त्यानं मंत्रालयाचा नवा नियम वाचून दाखवला. यंदापासून शेवटच्या परीक्षेचा अध्यक्ष बाहेरचा असला पाहिजे, डॉक्टर असला पाहिजे आणि परीक्षा ज्या भाषेत शिकवलं त्याच भाषेत झाली पाहिजे. रशियन तुकड्यांना अडचण नाही, तसले डॉक्टर पैशाला पासरी मिळतात. अडलंय ते मी चालवते त्या किर्गिझ तुकडीचं. अध्यक्ष नाही तर जूनमध्ये परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर सप्टेंबरात नवे प्रवेश नाहीत.

"एजे," इमिल मला थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. रशियनमध्ये शिकवतोच आहोत, इंग्रजीतही आज ना उद्या शिकवू. किर्गिझमध्ये प्रोग्रॅम लिहून पोरं जाणार कुठं?"

"कुठंही जातील," मी म्हटलं, "पण जाताना आजीला सांगून जातील, आपण काय शिकलो ते. तुला जमलं होतं का?"

तो हसला, पण नियम काही हसला नाही. मी त्याला शब्द दिलाय की डॉक्टर मी आणते. कुठला ते सांगितलेलं नाही.

आता 'आपण' पुरे. एका बाकावर बसून शिकलेल्या माणसाला इतका मान देताना माझा हात दुखतो. मी फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. संगणकावरून पाठवलेलं पत्र न वाचता कसं पुसतात ते मीच लोकांना शिकवलंय, तेव्हा कागदावर लिहितेय. टॅक्सीवाला शार्शेन जिपारच्या हातात देईल. सोबत सुक्या दह्याच्या कडक गोळ्यांचं कुरुत आहे. ते माझ्या बहिणीसाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

कालबुबू


काराबुलून, २५ मार्च

करिपबेक,

नूरुझच्या शुभेच्छा. जिपारचा फोन आला होता, तू कामावर गेल्यावर करते तसा. बारा वर्षं झाली, माझी सख्खी धाकटी बहीण माझ्याशी चोरून बोलते. म्हणाली, "एजे, पत्र त्यांनी उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. मग कपाटात चिनी कपांच्या मागे ठेवलं. आणि कुरुत सगळं एकट्यानं खाल्लं." म्हणजे तुझे दात अजून शाबूत आहेत तर. आनंद आहे.

होकार नाही तसा नकारही नाही, म्हणून पुन्हा लिहितेय. शिवाय एक कामही आहे. इमिलला शाळेची (विद्यापीठ झालं तरी आपल्या तोंडी शाळाच) माहितीपुस्तिका छापायची आहे. पहिली चार पानं इतिहास, पुढे अभ्यासक्रम. इतिहासाचं काम माझ्या गळ्यात पडलं. आणि मेल्या, दर दोन ओळींनी तू आडवा येतोस! तुला वगळून लिहायचा प्रयत्न केला तर यंत्र आपणहून चालत घाट चढून आलं असं वाचणाऱ्याला वाटायला लागलं.

तेव्हा मी ते खरं तसंच लिहिलं. शहात्तरच्या ऑक्टोबरात राजधानीच्या सांख्यिकी कचेरीनं टाकून दिलेलं मिन्स्क नावाचं संगणकयंत्र तू आणि मी मागून घेतलं. कागदावर फक्त 'मोडीत' असा शिक्का होता. चार ट्रक लागले. दोलोनच्या घाटात बर्फ सुरू झालं आणि ड्रायव्हर म्हणाला, लोखंड इथंच ठेवू, उन्हाळ्यात नेऊ. तेव्हा तू अंगातला कोट काढून यंत्राच्या कपाटावर घातलास आणि त्याला म्हणालास, "ही आमच्या घरची नवरी आहे. घाटात सोडून गेलास तर तुझी सात पिढ्यांची नावं मी गावोगाव सांगेन." माझ्या बापानं आमच्या तंबूचे जाड लोकरी नमदे दिले होते, ते सगळे त्या कपाटांना गुंडाळले. यंत्र उबेत आलं आणि आपण दोघं कुडकुडत.

गावात बापानं यंत्रासाठी मेंढा कापला. पक्षाचा सचिव त्या वेळी खिडकीकडे पाठ करून उभा राहिला आणि मटण वाढल्यावर वळला. हे पुस्तिकेत घालता येणार नाही, पण तुला आठवावं म्हणून लिहितेय.

यंत्रानं पहिलंच गणित केलं ते सामुदायिक शेतीच्या लोकरीचं. लोकर इतकी असेल तर मेंढ्या वर्तमानपत्रात छापल्यात त्यापेक्षा फारच कमी निघतात, असं त्यानं सरळ छापून दिलं! शेतीचा अध्यक्ष आपल्याला म्हणाला, "पोरांनो, तुमच्या यंत्राला वळण नाही." तू म्हणालास, "नवीन आहे, शिकेल." आपण दोघं तेवीस वर्षांचे होतो आणि सबंध डोंगरात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही याची आपल्याला खात्री होती. मला ती अजून आहे.

जूनची वीस तारीख परीक्षेसाठी धरली आहे. अध्यक्षाची जागा रिकामी ठेवून कागद पुढे गेला आहे.

कालबुबू


काराबुलून, १५ एप्रिल

करिपबेक,

तुझ्या मौनाचा मान राखून मी दुसरीकडेही पाहिलं, हे तुला कळायला हवं. ओशला एक डॉक्टर आहेत. फोनवर म्हणाले, "कालबुबू एजे, बाजारात, लग्नात, मयतीत मी किर्गिझच बोलतो. पण संगणकाचं किर्गिझमध्ये बोलायचं म्हटलं की मला उजव्या पायाचा बूट डाव्या पायात घातल्यासारखं होतं." माणूस प्रामाणिक, म्हणून शिवी दिली नाही. अल्माटीचे एक कझाक डॉक्टर तयार झाले, आपली भाषा त्यांना कळतेही, पण मंत्रालयानं परका नागरिक चालणार नाही असं कळवलं. बिश्केकहून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना उंट उंच मिळाला आहे.

उरलास तू. आणि तुझं मत मला माहीत आहे. ती मुलाखत मी वाचली होती. 'किर्गिझमधलं संगणकशिक्षण हा सणासुदीचा पोशाख आहे, रोज कामावर घालून जाता येत नाही.' हे छापून आलं तेव्हा मी वर्गात होते. पोरांनी ते फोनवर वाचून मला दाखवलं आणि त्यांच्या तोंडाकडे मला पाहवेना. मला वाईट वाटलं, करिपबेक. फार वाईट वाटलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी एक लेख लिहून त्याची सालपटं काढली असती. पण तू म्हणावंस?

त्र्याण्णवचा हिवाळा तू विसरलास? वीज नाही, पगाराऐवजी पीठ, आणि यंत्रखोली सांभाळणारी ल्युडमिला पेत्रोव्ना चाव्या माझ्या हातात देऊन रडत रशियाला निघून गेली. रशियन शिक्षक गेले, पुस्तकं त्यांच्यासाठी लिहिलेली, आणि पुढ्यात डोंगरातली पोरं, ज्यांना रशियन वाचताना घाम फुटायचा. यंत्र मेलेलं. तेव्हा यंत्राशिवाय संगणक शिकवायचा मार्ग कुणी काढला? तू! पोरांना अंगणात उभं केलंस. ही बेरीज करणार, हा आकडा पाटीवर धरून उभा राहणार, हा अट तपासणार. तू शिट्टी वाजवलीस की एक पाऊल. सूचना फिरून फिरून तीच करायची असेल तर पोरं त्या चिनाराभोवती धावायची, आणि तू ओरडायचास, "भोवऱ्यातून बाहेर पडायची अट कुणाकडे आहे? तो झोपलाय का?" नदीतल्या भोवऱ्याचा तो शब्द तूच दिलास. निम्मे शब्द तुझे आहेत, माझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना सुचलेले. आज देशभर जी काही पोरं किर्गिझमध्ये प्रोग्रॅमबद्दल बोलतात ती तुझ्या तोंडचं बोलतात, आणि तू म्हणतोस पोशाख!

यंदाच्या तुकडीत सेझिम नावाची मुलगी आहे. बाप वरच्या कुरणात मेंढपाळ. तिनं फोनचा एक प्रोग्रॅम केलाय. कुठला घाट बंद, कुठं बर्फ घसरलं, कुठल्या कुरणावर कोण पोचलं, हे मेंढपाळ बोलून कळवतात आणि फोन दुसऱ्यांना बोलून सांगतो. किर्गिझमध्ये, आपल्या डोंगरी बोलीत. म्हाताऱ्यांना वाचावं लागत नाही. गेल्या हिवाळ्यात तीन कुटुंबं त्याच्या भरवशावर वेळेत खाली उतरली. रोज घालायच्या कपड्यासारखं वापरतात रे ते. या मुलीची परीक्षा घ्यायला मला माणूस मिळत नाही.

कालबुबू


काराबुलून, ७ मे

करिपबेक,

शार्शेननं तुझी चिठ्ठी आणली. बारा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, आणि त्यात काय? 'त्या मेजवानीचा प्रोग्रॅम पाठव.' ना सलाम, ना खुशाली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

पाठवते आहे. टिलेकनं तो जपून ठेवला होता. टिलेक आता इथंच शिकवतो, आणि चांगला शिकवतो. तुझ्या मनात ती मेजवानी एका तऱ्हेनं बसली असणार, म्हणून माझ्या बाजूची सांगते.

शाळेला तीस वर्षं झाली होती. पाहुणे इतके की अंगणात चार तंबू. आणि नेहमीचं भांडण: कुठलं हाड कुणाच्या ताटात. थोराला कुठलं, सुनेला कुठलं, पाहुण्याला डोकं, यात चूक झाली की माणसं वर्षानुवर्षं धरून ठेवतात, हे मी तुला सांगायला नको. टिलेक तेव्हा तिसऱ्या वर्षात. आपल्या बाईंना, म्हणजे मला, म्हणाला, "आपाय, हा तर प्रोग्रॅमच आहे. वय, नातं, मान आत घालायचं, हाड बाहेर." गावातल्या चार म्हाताऱ्यांकडून नियम विचारून त्यानं तो किर्गिझमध्ये लिहिला. म्हाताऱ्यांनी आदल्या दिवशी त्याला अडवायचा सकाळपासून प्रयत्न केला. दोन बायका असलेला मामा घातला, दत्तक गेलेला भाऊ घातला, प्रोग्रॅम चुकला नाही! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही इतका अभिमान वाटत होता.

मग ताटं आली. डोकं उपमंत्र्याच्या पुढे. आणि तुझ्या पुढे छातीचं हाड, त्योश, जे आपण जावयाला वाढतो. तू ताटाकडे बघितलंस. सगळा तंबू तुझ्याकडे बघत होता. आणि तू मोठ्यानं म्हणालास, "बघा, किर्गिझमध्ये प्रोग्रॅम लिहिला की असं होतं. शाळा उभी करणारा माणूस जावई होऊन बसतो." ताट सारलंस, जिपारला उठवलंस आणि निघून गेलास. टिलेक हात धुवायचं पाणी घेऊन दारात उभा होता. तू त्याच्या बाजूनं गेलास, हातही न धुता. शरद ऋतूत तुझा राजीनामा आला.

आता तो प्रोग्रॅम वाच. तू डॉक्टर आहेस, चूक असेल तर तुला दिसेल. मधोमध दोन प्रश्न आहेत. 'जावई आहे का?' हा आधी, 'संस्थापक आहे का?' हा नंतर. पहिल्याचं उत्तर हो आलं की दुसरा विचारलाच जात नाही. कुठला आधी ठेवू हे टिलेकनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, नातं आधी. चांगल्या शुद्धीत म्हटलं होतं, आजही तेच म्हणेन.

डोकं कुणाला देतात, करिपबेक? पाहुण्याला. उपमंत्र्याला दिलं. दुसऱ्या दिवशी तो गेला, वर्षभरात त्याचं पदही गेलं, आज त्याचं नाव मला आठवत नाही. संस्थापक काय, राजीनामा दिला की माजी. पण जावयाला राजीनामा देता येतो का? तुला तुझ्याच शाळेत पाहुणा करून बसवायचं होतं का मी? ते हाड म्हणजे, हा आमचा आहे, हा कुठं जाणार नाही, असं होतं. आणि तू ते ताटात टाकून निघून गेलास.

हे तेव्हाच ओरडून सांगता आलं असतं. पण राग काय तुलाच येतो?

कालबुबू


काराबुलून, २३ मे

करिपबेक,

प्रोग्रॅम परत मिळाला. खाली तुझा शेरा: 'बरोबर चालतो.' त्याखाली होकार. टिलेकला दाखवला, तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आपाय, हा कागद मी चौकटीत लावू का?" मी म्हटलं, लाव, पण वर्गात नको, नाहीतर पोरांना वाटेल एवढ्या शेऱ्याला बारा वर्षं लागतात.

पण आता दुसरी भानगड. इमिलनं तुझ्याकडे मंत्रालयाचा फॉर्म पाठवला होता. त्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: अभ्यासक्रमाच्या प्रमुखाशी नातं आहे काय? आणि तू लिहिलंस, 'आहे. मी त्यांच्या घरचा जावई.' बाबा रे! बाहेरच्या परीक्षकाचा प्रमुखाशी काही संबंध असता कामा नये, असा नियमच आहे. नाव बाद.

इमिलनं मला समोर बसवून तुला फोन लावला, मी ऐकत होते. "आगाय," तो आपल्या जुन्या मास्तरांना म्हणाला, "आडनावं वेगळी आहेत, कुणाला कळणार? 'नाही' लिहा. सगळे लिहितात. या देशात कोण कुणाचा नातेवाईक नाही?"

तू काय म्हणालास ते मी शब्दन् शब्द ऐकलं. "इमिल, हा कागद गेल्या वर्षी आणला असतास तर मी आनंदानं 'नाही' लिहिलं असतं. आता उशीर झाला."

इमिलनं फोन ठेवला. मी त्याच्यासमोर चेहरा दगडासारखा ठेवला, बाहेर जिन्यात आले, आधी हसले आणि मग रडले. झाडणारी बाई विचारत होती, कोण वारलं? म्हटलं, कुणी नाही, उलटं झालंय.

पण अभिमानानं परीक्षा होत नाही. इमिल म्हणतो, तुकडी बंद करण्याच्या कागदावर तो महिनाअखेर सही करणार. मुलं रशियन तुकडीत घालणार, एक वर्ष जास्त. सेझिमचा बाप काल आला होता. घोडा बाहेर बांधून, टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "एजे, आणखी एक वर्ष मला झेपणार नाही. तिला मी परत वर घेऊन जाईन." मी त्याला म्हटलं, आठवडाभर थांब.

कालबुबू


काराबुलून, ३० मे

करिपबेक,

थांबवायला फोन करू नकोस, झालं आहे. मी काल प्रमुखपद सोडलं. शिकवण्याचंही सोडलं. प्रमुख आता टिलेक, आणि त्याचं तुझ्याशी काही नातं नाही, याची मी स्वतः त्याच्या सात पिढ्या मोजून खात्री केली.

इमिलचा चेहरा बघायला हवा होतास. म्हातारी खुर्ची सोडणार नाही, या एका गोष्टीवर त्याचा सगळा हिशेब होता. राजीनामा वाचून म्हणाला, "एजे, विचार करा. बेचाळीस वर्षं." मी म्हटलं, "पोरा, तू ते मोजलंस हे बरं केलंस, पुस्तिकेत घाल. आणि आता करिपबेकचा फॉर्म परत लाव. प्रमुख बदलला, हरकत संपली." त्यानं नियम पुन्हा वाचला, उलटा वाचला, आणि लावला. तसा तो वाईट नाही. सही करताना म्हणाला, "किर्गिझ तुकडी एवढी मोलाची आहे हे मला माहीत नव्हतं."

टिलेक ऐकेना. "मी त्या खुर्चीत नाही बसणार, आपाय."

"बस," मी म्हटलं, "आणि बसलास की पहिलं काम म्हणजे मला घरी पाठव."

खोटं कशाला बोलू, घरी येताना दोनदा मागे वळून पाहिलं. माझी किटली, माझी शाल आणि खिडकीतलं जिरेनियम एवढंच उचलून आणलं. शाळेच्या फाटकाशी पहिल्या वर्षाच्या मुलींनी उठून सलाम केला, त्यांना अजून कळलं नव्हतं. मला वाईट वाटतंय आणि मला जराही पस्तावा नाही. दोन्ही खरं आहे. मी शाळा पाहुण्यासारखी सोडलेली नाही, घरच्या माणसासारखी बाजूला सरकले आहे. वीस तारखेला मागच्या रांगेत बसेन, आईबापांमध्ये. तेवढा हक्क गावातल्या कुणालाही आहे.

वीस तारखेला नऊला ये. उशीर केलास तर टिलेक तुला बोलेल, मला आता बोलता येणार नाही.

कालबुबू


काराबुलून, २१ जून, सकाळ

करिपबेक,

तू निघून दोन तासही झाले नसतील. घाटातही पोचला नसशील, आणि मी लिहायला बसले. काल तुझ्याशी धड बोलताच आलं नाही. तू अध्यक्ष, मी प्रेक्षक.

पण बघितलं सगळं. तू आत आलास तेव्हा टिलेक दारात उभा होता आणि तू थांबलास, त्याचा हात दोन्ही हातांत धरलास. काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही आणि मी त्याला विचारणारही नाही. त्याचे कान मात्र दुपारपर्यंत लाल होते.

तू पोरांना सोडलं नाहीस, याबद्दल आभार. मला भीती होती, नात्याला जागून तू मऊ वागशील. सेझिमला तर तू असं धरलंस की तिचा बाप माझ्या शेजारी बसून टोपी पिळत होता. "एका घाटाबद्दल दोन मेंढपाळ उलटसुलट सांगायला लागले तर?" तू विचारलंस.

"नंतर सांगितलेलं धरायचं, आगाय."

"आणि त्याच्या फोनचं घड्याळ चुकीचं असेल तर?"

तिनं मान हलवली, तेवढं केलेलं नव्हतं. तू उठलास, खडू घेतलास आणि तिला कसं करायचं ते दाखवायला लागलास, किर्गिझमध्ये, आणि बघता बघता तुझा आवाज त्र्याण्णवच्या अंगणातला झाला. फळा भरत आला तेव्हा ती म्हणाली, "आगाय, माफ करा. बाहेर पडायची अट लिहायची राहिलीय. तुमचा मेंढपाळ भोवऱ्यात फिरत राहील. बर्फात."

इमिल छताकडे पाहायला लागला. तू फळा वरपासून खालपर्यंत वाचलास आणि हसलास. "खरंय, मरेल बिचारा," म्हणालास. "तुला कुणी शिकवलं?"

"टिलेक आगायनी."

"आणि त्याला?"

तिनं मागच्या रांगेकडे बोट केलं. सगळे वळले. बेचाळीस वर्षांत माझ्याकडे इतके लोक एकदम कधी वळले नव्हते, आणि मी नेमकी नाक पुसत होते. तू तिथूनच मोठ्यानं म्हणालास, "कालबुबू, तुला शाळेतून काढलं ते बरं झालं. असल्या पोरी तयार करतेस, डॉक्टरांनी खायचं काय?" सेझिमचा बाप एवढा मोठ्यानं हसला की बाहेर त्याचा घोडा खिंकाळला. मग तू तिला पूर्ण गुण दिलेस, आणि निकालाच्या कागदाखाली आपल्या हातानं लिहिलंस की किर्गिझमधला हा अभ्यासक्रम चालूच राहिला पाहिजे, कारण या देशात परीक्षकाला चूक दाखवणारी मुलं दुसरीकडे तुला भेटली नाहीत. इमिलनं ते मोठ्यानं वाचलं. सगळे पास. सप्टेंबरचे प्रवेश मंजूर.

इमिल जाताना मला म्हणाला, "एजे, पुस्तिकेत अभ्यासक्रमांच्या यादीत किर्गिझ तुकडी सगळ्यात वर घालतो." मी म्हटलं, घाल, आणि शुद्धलेखन टिलेककडून तपासून घे. जन्मभर ज्या गोष्टीचा मला अभिमान वाटला ती काल सगळ्यांच्या देखत उभी राहिली. माझ्याशिवाय उभी राहिली. त्याचा अभिमान जास्त वाटला, हे मला अपेक्षित नव्हतं.

आता कामाचं. सकाळी गाडीत बसताना तू जिपारला हाक मारलीस आणि ती म्हणाली, मी मागून शार्शेनच्या टॅक्सीनं येते. ते खोटं होतं. ती इथंच आहे, माझ्या स्वयंपाकघरात, कणकेचे बोर्सोक तळतेय आणि मोठ्यानं गातेय. बारा वर्षांनी चोरून न बोलता बोलतेय, त्यामुळे थांबतच नाही. ती म्हणते, टॅक्सीबिक्सीनं मी यायची नाही. बायको माहेरी राहिली की जावयानं स्वतः न्यायला यायचं असतं, तशी रीत आहे. आणि सप्टेंबरच्या आत तिला निघायचं नाही.

टिलेकनं पहिल्या वर्षाचं वेळापत्रक लावलं आहे. मला दाखवायला आणलं होतं, मी म्हटलं मला अधिकार नाही, पण बघितलं. मंगळवारी सकाळचा पहिला तास त्यानं रिकामा ठेवलाय आणि कुणासाठी ते सांगत नाही. चिनार अजून अंगणातच आहे, पोरं नवीन आहेत.

न्यायला ये, करिपबेक. मंगळवारी ये, आणि शिट्टी घेऊन ये.

तुझी मेहुणी,
कालबुबू